ब्लॅक सॅबथ: गायक बदलत गेले, मग खरी सॅबथ कोणती?

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी. गेले काही महिने ब्लॅक सॅबथ हा इंग्लिश हेवी मेटल बँड मन लावून ऐकतोय. गायक ऑझीचे सुरुवातीचे सहा अल्बम झाले, 'सॅबोटाज'पर्यंत. पुढे बघतो तर गोंधळच. डिओ, गिलन, ह्यूज, मार्टिन, परत डिओ, परत ऑझी! एका मित्राचं ठाम मत आहे की 1978 नंतरचं ऐकूच नकोस, ती सॅबथ नाही. तसं सोडून द्यायला मन होत नाही. जाणकारांनी सांगावं, हा बँड एकच आहे की एका नावाखालचे चार-पाच?

जुना_श्रोता:
तुमच्या मित्राशी सहमत. 1970 ते 1978, ऑझी (गायक), टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस) आणि बिल वॉर्ड (ड्रम), आठ अल्बम. चौघंही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, एकत्र घडलेली. गाण्याचे बहुतेक शब्द गीझर लिहायचा आणि ऑझी ते असे गायचा, की त्याचेच वाटावेत. ती जुळणी परत झाली नाही. नंतरचं संगीत वाईट म्हणत नाही मी, पण नाव बदलायला हवं होतं.

सहावी_तार:
जुना_श्रोता, त्या चौघांबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. पण 'नाव बदलायला हवं होतं' हे मला पटत नाही, आणि या बँडच्या बाबतीत तर नावावरून काहीच ठरत नाही. 1986 चा 'सेव्हन्थ स्टार' घ्या. आयोमीला तो स्वतःच्या नावावर काढायचा होता. कंपनीच्या आग्रहाखातर मुखपृष्ठावर 'ब्लॅक सॅबथ फीचरिंग टोनी आयोमी' छापलं गेलं. याच्या नेमकं उलट 2007 साली झालं. आयोमी, गीझर, डिओ आणि ड्रमर विनी अपिसी, म्हणजे 1981 च्या 'मॉब रूल्स'मधले तेच चौघं परत एकत्र आले, पण नाव घेतलं 'हेवन अँड हेल'. जे सॅबथ नव्हतं त्यावर सॅबथ छापलं आणि जे होतं त्यावर नाही. म्हणून मी मुखपृष्ठ बाजूला ठेवते आणि गिटार ऐकते.

मी स्वतः गिटार वाजवते, त्यामुळे माझा कान तिकडे जातो हे खरं. आयोमी डावखुरा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा शोधल्या. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तर काही गाण्यांसाठी गिटार तीन सेमीटोन (अर्धस्वर) खाली उतरवली. तारा सैल झाल्या की दाबायला सोप्या आणि आवाज जड. 1968 ते 2017, मधले खंड धरूनसुद्धा, प्रत्येक संचात असलेला माणूस हा एकटाच.

आता गायक बदलल्यावर काय होतं ते ऐका. 'आयर्न मॅन' लावा. ऑझी जी चाल गातो ती गिटारचीच चाल आहे, सुराला सूर. रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, जिथे जाते तिथे आवाज जातो. मग 1980 चं 'हेवन अँड हेल' हे गाणं लावा. कडवं सुरू झालं की आयोमी जवळजवळ थांबतो, खाली फक्त बेस आणि ड्रम चालू राहतात, आणि डिओ त्या मोकळ्या जागेत स्वतःची वेगळी चाल बांधतो. डिओ शब्दही स्वतःच लिहायचा. जागा सोडण्याचा निर्णय आयोमीचा आहे, आणि तो बारा वर्षं एकाच पद्धतीने रिफ लिहिल्यानंतरचा आहे! मला त्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो.

इयान गिलनबरोबरचा 1983 चा 'बॉर्न अगेन' एकदा ऐकून पुढे जा. रिफ जबरदस्त, मिक्सिंग गढूळ.

टोनी मार्टिनला मात्र वेळ द्या, कळकळीने सांगते. 1987 च्या 'द इटर्नल आयडल'वर आधी रे गिलन (हा वेगळा, इयान नव्हे) गायला होता. तो सोडून गेला आणि मार्टिनला तयार संगीतावर, रे गिलनने बसवलेल्या चालींवर गावं लागलं. 2010 च्या आवृत्तीत रे गिलनची गाणीही आली आहेत, दोन्ही लागोपाठ ऐका. मग 1989 चा 'हेडलेस क्रॉस' लावा. ड्रमवर कोझी पॉवेल, आणि मार्टिन पहिल्यांदा स्वतःच्या जागेवर उभा राहून गातोय. मूळ चौघांपैकी एकटा आयोमी, आणि तरीही पहिल्या दोन मिनिटांत कळतं की हा आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. या काळातले चार अल्बम कितीतरी वर्षं नीट मिळतच नव्हते, 2024 मध्ये त्यांचा एकत्र संच निघाला. लोकांनी न ऐकताच निकाल दिला होता.

ठेका_सोळा:
सहावी_तार, सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. गायकांच्या नादात बिल वॉर्ड राहून जातो. त्याचा हात जॅझवर तयार झालेला. 'वॉर पिग्ज'मध्ये गिटार दोन ठोके देऊन थांबते तेव्हा हाय-हॅट (ड्रमवरच्या झांजांची जोडी) कसा झुलत राहतो बघा. 1980 मध्ये दारू आणि घरच्या मृत्यूंनी तो खचला आणि दौऱ्याच्या मध्येच निघून गेला. अपिसी आला, ताकदवान, सरळ, ठोक्यावर ठोका. 'मॉब रूल्स' धावतो तो त्याच्यामुळे. पण तो झुला गेला. 2013 च्या '13' वर ऑझी, आयोमी, गीझर तिघं आहेत आणि ड्रमवर ब्रॅड विल्क. माझ्या कानाला वॉर्डची उणीव गायकापेक्षा जास्त जाणवते.

जुना_श्रोता:
ठेका_सोळा, हे अगदी बरोबर. म्हणूनच 5 जुलै 2025 ला व्हिला पार्क स्टेडियमवर वॉर्ड ड्रममागे बसलेला पाहून भरून आलं. चौघं एकत्र, त्यांच्याच ॲस्टनमध्ये. आणि 22 तारखेला ऑझी गेला.
सहावी_तार, 'हेडलेस क्रॉस' मी खरंच कधी पूर्ण ऐकलेला नाही. ऐकतो.

मंद्रसप्तक:
सर्वांचे आभार. 'आयर्न मॅन' आणि 'हेवन अँड हेल' लागोपाठ ऐकले. कडव्यात गिटार मागे सरते ते आता स्पष्ट कळतंय. 1992 चा 'डीह्युमनायझर' कुठे बसवू?

सहावी_तार:
'मॉब रूल्स'नंतर लगेच, मधली दहा वर्षं ओलांडून. त्यात डिओ, गीझर आणि अपिसी परत आलेत, पण आयोमी मोकळ्या जागा फारशा सोडत नाही, रिफ पुन्हा जड आणि संथ झाल्यात. डिओला त्यांच्याशी झगडत गावं लागतं, आणि तो गातो! त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑझीच्या कार्यक्रमाआधी वाजवायला त्याने नकार दिला आणि बँड सोडला. कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाच्या त्या दोन रात्री जुडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्डने गाऊन निभावल्या. 'डीह्युमनायझर'मधलं 'आय' आधी ऐका, हेडफोन लावून.