नदीतले शिंपले फिश टँकमध्ये वाढतील का?

मुलुंडची_आई
काल बदलापूरला उल्हास नदीवर गेलो होतो, तिथे लेकाला काळपट शिंपले सापडले, तिसऱ्यांपेक्षा कितीतरी मोठे. दोन जिवंत निघाले ते बादलीत घालून घरी आणलेत. तिथले एक आजोबा म्हणाले की पूर्वी ढिगाने मिळायचे, आता दिसत नाहीत. म्हणून लेकाच्या डोक्यात आलंय की घरच्या टँकमध्ये पिल्लं वाढवायची आणि परत नदीत सोडायची. जमेल का?

खाडीकाठ
ताई टँकमध्ये नका सोडू, फिल्टरच्या स्वच्छ पाण्यात ते उपाशी मरतात. आणि पिल्लांचं म्हणाल तर तिसऱ्यांची पिल्लं समुद्रात मोकळी तरंगत वाढतात पण नदीतल्या या शिंपल्यांचं माशावाचून अडतं. मादी बारीक अळ्या सोडते, ग्लोचिडिया म्हणतात त्यांना, त्या माशाच्या कल्ल्याला नाहीतर परांना चिकटतात, वरून माशाची त्वचा वाढते, आणि काही आठवड्यांनी इवलासा शिंपला होऊन तळाशी पडतात. त्यातही प्रत्येक जातीचे मासे ठरलेले, भलत्याच माशावर बसल्या तर त्याचं शरीर थोड्या दिवसांत झटकून टाकतं. अमेरिकेतल्या लॅम्पसिलिस शिंपल्याच्या कडेला तर हुबेहूब छोट्या माशासारखा पडदा असतो, बास मासा खायला येतो की अळ्या थेट त्याच्या तोंडात!

नदीवेडा_ठाणे
यात भर घालतो, कारण हा विषय फार जवळचा आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर किओकक गावाजवळ १९१३ मध्ये धरण झालं, स्किपजॅक हेरिंग मासा वर जायचा थांबला आणि एबनीशेल नावाचा शिंपला वरच्या भागातून जवळपास गेलाच. म्हातारे शिंपले पुढे वर्षानुवर्षं जिवंत होते पण नवीन पिढी नाही. म्हणून नदीत मोठे शिंपले दिसले तरी मी आधी बारके शोधतो. २०२३ ला अमेरिकेने २१ जीव नामशेष झाले म्हणून धोक्यातल्या जीवांच्या यादीतून काढले त्यात ८ शिंपले होते, वाचून खरंच पोटात कालवलं. तिथल्या जेनोआ हॅचरीत आता माशांच्या कल्ल्यांवर अळ्या चढवून शिंपले वाढवतात. आपल्याकडे बंधारे, वाळूउपसा, सांडपाणी, मासाच टिकला नाही तर शिंपला कुठून येणार? तुमचे दोन जिथून उचलले तिथेच लवकर सोडा.

मुलुंडची_आई
आज सकाळच्या कर्जत लोकलने जाऊन सोडले, लेक थोडा रडला. मग त्याने आजोबांना विचारलं पूर्वी इथे मासे कोणकोणते होते. मरळ, वाम, शिंगटा असं सांगत गेले, त्याने सगळी नावं वहीत लिहून घेतलीत.