मदत हवी आहे: भिजलेले वासे चढवावेत की थांबावं?

राजापूरकडच्या आमच्या जुन्या घराचं छप्पर उतरवून नवीन करतोय. वखारीतून ऐनाचे वासे आणि तुळया यायलाच उशीर झाला, आणि आल्या त्या संध्याकाळी वळवाच्या पावसाने झोडपलं. ताडपत्री होती, पण लाकूड अंगणात थेट मातीवर, एकावर एक रचलेलं. तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढली तर आतून घामेजलेली, खालच्या चार वाशांवर पांढरी बुरशी.

ओलावा मोजायचा दोन सुयांचा मीटर वरच्या वाशांवर १९-२० टक्के दाखवतो, खालच्यांवर २६. वाळवीसाठी बोरॅक्स-बोरिकचं पाणी आधीच मारलं होतं.

सुतारकाका म्हणतात, "चढवून टाकू, वर गेलं की वाळतं." गवंड्याला तुळयांची टोकं चिऱ्याच्या भिंतीत सिमेंटने चिणायची घाई. रंगवाला आजच वॉर्निश मारायला तयार. मृग आठ दिवसांवर, आणि आमचे देव शेजाऱ्यांकडे. काय करू?

प्रतिसाद १
चढवा. सुतारकाका अर्धे बरोबर आहेत. कोकणात पावसाळ्याची हवाच इतकी दमट की छपराखालचं लाकूडही १७-१८च्या खाली सहसा उतरत नाही, मग थांबून काय मिळणार? पण २०च्या वर फार दिवस राहिलं तर बुरशी आत शिरते. लाकूड आजच विटांवर उचला, थराथरात रिपा आडव्या घाला, ताडपत्री बांबूवरून तंबूसारखी ताणा, दोन्ही तोंडं उघडी. बुरशी ब्रशने झाडा. चाकूचं टोक सहज रुतलं तर तो वासा बाद. २६वाले सगळ्यात शेवटी चढवा. वॉर्निश आता अजिबात नको, ओल आतच कोंडेल. ते मार्चमध्ये. खालून प्लायचं छतही तोवर नको.

प्रतिसाद २
आधी गवंड्याला आवरा! लाकूड पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, आणि तेच टोक तुम्ही ओल्या सिमेंटमध्ये कोंबणार. आमच्या पडवीची तुळई मधोमध ठणठणीत होती, भिंतीतल्या टोकाचा मात्र भुसा. टोकाभोवती बोटभर फट मोकळी ठेवा. बोरॅक्स पावसाने धुऊन जातो, तेव्हा कौलं चढल्यावर पुन्हा मारा. ओलसर लाकडात तो उलट जास्त आत मुरतो, एवढा एक फायदा.

धागाकर्ता
आभार. रिपा घालून झाल्या, रंगवाल्याला परत पाठवला. सुतारकाकांना प्रतिसाद वाचून दाखवले, ते "अर्धे बरोबर"वरच अडकून बसलेत.