भाची सोळाची, मुलगा मनगट पिरगाळतो. ताईला सांगू का?

दांडियाबाजारची_मावशी:
भाची बडोद्यात अकोट्याला राहते, अकरावीत आहे. क्लासमधल्या एका मुलाशी तिचं जुळलंय, हे घरात फक्त मला माहीत. नवरात्रात ती मैत्रिणीच्या भावाबरोबर गरबा खेळली म्हणून त्याने पार्किंगमध्ये तिचं मनगट पिरगाळलं. काळंनिळं झालं होतं; घरी सांगितलं, दांडिया लागली. इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे, लोकेशन दिवसभर चालू. ब्लॉक केलं की हात कापल्याचे फोटो पाठवतो. हल्ली रात्र रात्र जागी असते, ताटात अन्न तसंच राहतं, मैत्रिणी सुटल्या. म्हणते, "मावशी, जीव आहे गं त्याचा माझ्यावर, म्हणून चिडतो. आईला सांगू नकोस, फोन काढून घेईल." ताई खरंच घेईल. काय करू?

शाळेत_समुपदेशक:
ताईंना सांगाच, पण भाचीला आधी कल्पना देऊन, तिच्या शेजारी बसून. आणि फोन काढून घ्यायचा नाही. मैत्रिणी त्याने तोडल्याच आहेत; फोनही गेला तर ती पुन्हा तुमच्याशी काही बोलणार नाही. "त्याच्या नादी लागलीसच कशाला?" हे कुणीही विचारू नका.

असं सोसणाऱ्या मुली खूप आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या विश्लेषणात, नात्यात राहिलेल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे २४ टक्के मुलींनी जोडीदाराची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आढळली (लग्न झालेल्याही त्यात आल्या). झोप आणि भूक गेली आहे, ते वयावर ढकलू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. हात कापणारा मुलगाही त्रासात असणार, पण त्याला सांभाळणं तिचं काम नाही. त्याच्या आईवडिलांना मोठ्या माणसाने कळवायचं.

सयाजीगंज_२१:
मावशी, तिचे तसले फोटो त्याच्याकडे आहेत का, हळूच विचारा. मी त्या वयात सोडून जाऊ शकले नाही ते याच भीतीने. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे: फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि इन्स्टासारखी अॅप त्यावरून तो अडवतात. धमकी असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो. १८१ अभयम ही गुजरातची महिला हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

दांडियाबाजारची_मावशी:
विचारलं. आहेत. खूप रडली, पण ताईला सांगायला हो म्हणाली. भावोजी तापट आहेत, त्यांना त्याच दिवशी सांगावं का?

शाळेत_समुपदेशक:
पहिल्या बैठकीत नको. ताईंशी ठरवून मग सांगा, आणि त्या मुलाच्या घरी त्यांना एकटं जाऊ देऊ नका. चॅट आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा. तिचे तसले फोटो त्यात येऊ देऊ नका.