शेडेड लोकर की पट्टे पडणारी लोकर?

सुईदोरा, नौपाडा
एक शंका आहे. ती लोकर असते ना, गुंडा एकच पण रंग स्वतःच बदलत जातो, आपण नुसतं सुलट विणत राहिलो तरी टोपीवर आडवे पट्टे येतात, तिला मराठीत काय म्हणायचं? दुकानात शेडेड मागितली की जी मिळते ती विणल्यावर नुसते ठिपके ठिपके. लेक मनालीला चाललीय, तिची टोपी सुईवर आहे आणि नमुना मराठीत लिहून ग्रुपवर द्यायचाय म्हणून विचारतेय. 'स्वयंपट्टेरी' सुचवणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

घोडबंदरकर
शेडेडच की. जांभळी नाक्यापासून वाशीपर्यंत कुठेही शेडेड म्हटलं की कळतं, उगाच नवा शब्द कशाला.

ऐरोलीची मावशी
कळतं, पण काय कळतं ते बघा ना. शेडेड म्हणून दोन वेगळ्या लोकरी खपतात. एकीत रंग वीतभरात बदलतो, दुसरीत एकेक रंग काही मीटर लांब रंगवलेला असतो. आता हिशोब, ८ नंबरच्या सुया, ९६ टाके, म्हणजे एका फेरीला साधारण दीड मीटर लोकर जाते. रंग ६ मीटरचा असला तर ४ फेऱ्यांचा पट्टा पडणार, आणि १५ सेंटीमीटरचा असला तर एकाच फेरीत १० वेळा बदलणार, मग ठिपके नाही तर काय होणार! हीच पट्ट्यांची लोकर शालीला घेतली की ओळ लांब, त्यामुळे पट्टा बारीक होतो. उलट टोपीच्या शेंड्याला टाके कमी करत गेलं की तोच रंग जास्त फेऱ्या पुरतो आणि पट्टा रुंद व्हायला लागतो, छान दिसतं ते. आमच्याकडे पहिलीला शेडेड आणि दुसरीला सरळ 'पट्टे पडणारी लोकर' म्हणतात.

कोशातला किडा
मावशी, हे फार आवडलं कारण सगळं काम 'पडणे' करतंय. सुरकुत्या पडतात, चुण्या पडतात, तसेच पट्टे पडतात, कोणी मुद्दाम करत नाही. आणि उरल्यासुरल्या लोकरीची रंगीत टोपी करतो तेव्हा रंग आपण बदलतो, तिथे पट्टे 'पाडतो' नाहीतर 'घालतो'. एका कान्यात दोन्ही पट्ट्यांचा फरक आला, अजून काय पाहिजे. आणि शेडेड जाणार नाहीये, दुकानातल्या सगळ्या रंगमिश्रित लोकरींना ते नाव राहू दे, नमुन्यात मात्र नेमकं लिहा.

सुईदोरा, नौपाडा
पटलं, 'पट्टे पडणारी' लिहिते. आता टोपी की कानटोपी?

ऐरोलीची मावशी
कान झाकून हनुवटीखाली आली तर कानटोपी. तान्ह्या बाळाचं ते टोपडं. तुझी नुसती टोपीच गं, कडेला एक सुलट एक उलट घातलंस की डोक्याला धरून बसते. आणि उरलेल्या लोकरीची करशील तेव्हा रंग बदलताना फेरीच्या सुरुवातीला पायरी दिसते, कारण गोल विणकाम म्हणजे खरं तर जिन्यासारखं वर वर चढत जातं. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विण, दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता उजव्या सुईवर घे, पायरी बरीचशी लपते. गाठी मारू नकोस, कपाळाला टोचतात. टोकं लांब सोड आणि शेवटी आतून ओवून टाक.

कोशातला किडा
हा 'न विणता घेतलेला टाका' पण आमच्याकडे 'उचललेला टाका', तुमच्याकडे?

ऐरोलीची मावशी
नको, उचललेले टाके म्हणजे गळ्याच्या कडेने नव्याने घेतात ते. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर नमुना वाचणारी रडेल.

घोडबंदरकर
वरच्या गोंड्याला तरी गोंडाच म्हणता ना?

सुईदोरा, नौपाडा
हो दादा, गोंडाच. पण लेकीला नकोय तो.