बॉइल म्हणजे नक्की काय लिहायचं? उकळणे, उकडणे, शिजवणे की आटवणे?

सबटायटलवाली
मंडळी, एका कुकिंग चॅनलच्या इंग्लिश व्हिडिओंना मराठी सबटायटल्स द्यायचं काम घेतलंय. आधी मशीनचं भाषांतर येतं आणि मी ते सुधारते. तर हे मशीन बॉइल दिसलं रे दिसलं की डोळे मिटून 'उकळणे' ठोकतं. पाणी उकळा, दूध उकळा इथपर्यंत ठीक आहे हो, पण 'बटाटे उकळा', 'अंडी उकळा' वाचून कसंतरीच होतं. आणि 'बॉइल डाउन द सॉस'चं तर चक्क 'सॉस खाली उकळा' केलंय 🤦‍♀️ शिवाय 'ब्रिंग टू अ बॉइल' आणि 'ब्रिंग टू द बॉइल' असं दोन्ही येतं, त्यात काही फरक असतो का? रोलिंग बॉइल, सिमर, पारबॉइल हे वेगळंच. कुठे काय लिहू सांगा ना कोणीतरी, शुक्रवारी द्यायचंय.

खरकटी वही
तुमच्या मशीनची बिचाऱ्याची चूक नाही, इंग्लिशमध्ये एकच क्रियापद तीन-चार कामं करतं. पातेल्यातलं पाणी बॉइल होतं, त्या पाण्यातला बटाटाही बॉइल होतो आणि ज्यात पाणी आहे ती किटली पण बॉइल होते ('बॉइल द केटल' म्हणजे किटली नाही उकळायची, किटलीतलं पाणी). आपल्याकडे द्रव असेल तर उकळतो आणि घन वस्तू पाण्यात टाकून मऊ केली तर उकडतो किंवा शिजवतो. म्हणून आधी कशाला बॉइल करायला सांगितलंय ते बघायचं. पाणी, दूध, सॉस, सूप असेल तर उकळा. बटाटे, अंडी, मक्याचं कणीस असेल तर उकडा. तांदूळ, पास्ता, डाळी असतील तर सरळ शिजवा, पास्ता उकडा असं कोणी म्हणत नाही.

मग पुढचा शब्द बघा, खरा घोळ तिथे होतो. बॉइल डाउन म्हणजे आटवणे. बॉइल ओव्हर म्हणजे उतू जाणे. बॉइल ड्राय म्हणजे पाणी पूर्ण आटून भांडं कोरडं पडणे, बहुतेक वेळा तळ करपायच्या आधीची पायरी. 'टू अ बॉइल' अमेरिकन आणि 'टू द बॉइल' ब्रिटिश, अर्थाने एकच, दोन्हीला 'उकळी आणा' लिहा आणि पुढे जा.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. बॉइलिंग वॉटर आणि बॉइल्ड वॉटर. पहिलं म्हणजे आत्ता उकळत असलेलं, दुसरं म्हणजे उकळून घेतलेलं, ते गारही झालेलं असू शकतं. मशीन दोन्हीकडे 'उकळलेले पाणी' टाकतं. यीस्ट भिजवायला उकळून कोमट केलेलं पाणी सांगितलंय आणि तुम्ही 'उकळतं पाणी' लिहिलंत तर यीस्ट मेलं आणि ब्रेडची वीट झाली.

तापमापी
वरचं सगळं पटलं, थोडी विज्ञानाची फोडणी देतो. समुद्रसपाटीला पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला (फॅरनहाइटमध्ये २१२) उकळतं आणि एकदा उकळायला लागलं की गॅस कितीही मोठा करा, पाण्याचं तापमान वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते. म्हणजे उकळी आल्यावर गॅस फुल ठेवून बटाटे लवकर शिजत नाहीत, पाणी तेवढं लवकर संपतं. हे लोकांना पटवता पटवता माझी हयात गेली. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशाच्या आसपास जातं, म्हणून तिथे खरंच लवकर शिजतं. उंचावर उलटं, साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो, त्यामुळे उंच डोंगरावर पाणी खळखळतंय पण डाळ काही शिजत नाही असं होतं.

रोलिंग बॉइल म्हणजे खळखळून उकळणं, चमच्याने ढवळलं तरी बुडबुडे थांबत नाहीत असं. हा शब्द पाणी निर्जंतुक करायच्या सूचनांमध्येही येतो, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची सूचना आहे की असं खळखळतं पाणी एक मिनिट ठेवा आणि साधारण २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. तिथे नुसतं 'उकळा' लिहून भागत नाही, खळखळून लिहाच.

जाता जाता गंमत, सेल्सिअसने १७४२ साली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळायचं शून्यावर आणि गोठायचं १०० वर! नंतर उलटी केली म्हणून बरं.

सबटायटलवाली
वा वा, दोघांचेही आभार! मग सिमरला 'मंद आचेवर उकळा' चालेल ना?

तापमापी
अर्धंच चालेल. मंद आच ही गॅसची गोष्ट झाली, सिमर ही पातेल्यातली. मोठ्या पातेल्याला सिमरवर ठेवायला कधी कधी मध्यम आचही लागते. सिमर म्हणजे पाणी उत्कलनबिंदूच्या जरासं खाली, साधारण ८५ ते ९५ अंश, कडेने बारीक बुडबुडे येतायत पण खळखळ नाही. 'बारीक उकळी राहू द्या' लिहा. तिथे उकळा म्हटलं की लोक जोरात उकळतात, मांस चिवट होतं आणि सूप गढूळ.

आडवा शब्द
उशिरा आलो, पण पारबॉइल राहिलंच की. म्हणजे अर्धवट उकडून घेणे, बटाटे भाजायच्या आधी करतात ते. 'अर्धे कच्चे उकडून घ्या' लिहा, झालं. मजा अशी की त्यातला 'पार' मूळ लॅटिनमध्ये 'पूर्ण' या अर्थाचा, म्हणजे शब्द होता 'पूर्ण उकळणे' असा, पुढे लोकांना तो 'पार्ट'सारखा ऐकू आला आणि अर्थच अर्ध्यावर आला.

खरकटी वही यांच्या उत्तरात एक भर, उकडणे हा शब्द आपण वाफेवर शिजवण्यालाही वापरतो. त्यामुळे व्हिडिओत एकीकडे स्टीम आणि एकीकडे बॉइल असेल आणि तुम्ही दोन्हीकडे 'उकडा' लिहिलंत तर बघणाऱ्याला भाजी पाण्यात टाकायची की चाळणीत ठेवायची ते कळणार नाही. 'पाण्यात उकडा', 'वाफेवर उकडा' असं स्पष्ट करा, दोन शब्द वाढले तर वाढू देत.

आणि शेफ लोक मध्येच गप्पा मारतात त्याचंही बघा. 'आय ॲम बॉइलिंग इन हिअर' म्हणजे 'मला इथे जाम उकडतंय', इथे मराठी आणि इंग्लिश आपसूक जुळतात. 'इट बॉइल्स डाउन टू' म्हणजे 'मुद्दा एवढाच की'. 'मेक्स माय ब्लड बॉइल' ला रक्त उकळवू नका, 'डोकं फिरतं' पुरे. पैसे उकळणे मात्र फक्त आपलं, ते उलट्या दिशेला शब्दशः नेलंत तर नोटा पातेल्यात 😄

खरकटी वही
वाफेचं बरोबर आहे, मान्य. मी पण चाळणीवालं उकडूनच म्हणते. फक्त अंड्यांना 'पाण्यात उकडा' नका लिहू, अंडी म्हटलं की पाणी आलंच, उगाच बाळबोध वाटतं. सॉफ्ट बॉइल्डला 'बलक पातळ राहील इतपत', हार्ड बॉइल्डला 'बलक घट्ट होईपर्यंत'. आणि हार्ड बॉइल्ड डिटेक्टिव्ह आला तर त्याला अंड्यासारखं उकडू नका, तो निबर माणूस.

सबटायटलवाली
😂😂 सगळं कॉपी करून ठेवलंय. अजून एकच, पुढच्या व्हिडिओत तो पोच म्हणतोय आणि मशीनने 'अंड्याची शिकार करा' लिहिलंय, नवीन धागा काढू की इथेच विचारू?

आडवा शब्द
नवीन काढा, त्यावर बरंच बोलता येईल. तोवर 'अंडं फोडून बारीक उकळीच्याही खालच्या गरम पाण्यात सोडा' असं लिहून ठेवा.