यादीत पाच जिन्नस, बिल अठराशे सत्तरचं. मॉलमध्ये नेमकं काय होतं?

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी मुलाला घेऊन मॉलमध्ये किराणा आणायला गेले. यादीत पाचच जिन्नस होते: रवा, हरभरा डाळ, पाव किलो चहा, भांड्याचा साबण, खोबरेल तेल. पाचशेच्या आत काम व्हायला हवं होतं. बिल झालं 1,870 रुपये.

घरी आल्यावर ओट्यावर सगळं मांडलं. दोन प्रकारचे सॉस, तीन पुडे नूडल्स, प्लॅस्टिकचे डबे, रूम फ्रेशनर, मुलाची चॉकलेटं. आणि खोबरेल तेल राहूनच गेलेलं! सासूबाई रागावल्या नाहीत. "एवढ्यातलं लागणार होतं काय गं?" एवढंच म्हणाल्या. रात्रभर ते डोक्यात राहिलं.

मी बेहिशेबी बाई नाही. घरखर्चाची वही रोज लिहिते. मग तिथं गेल्यावर मला काय होतं? हा माझा कमकुवतपणा, की दुकानाची रचनाच तशी असते? कुणी आतलं माहीतगार असेल तर कृपया सांगा.

फ्लोअरवरचा_भावा

ताई, कमकुवतपणा म्हणू नका. मी पाच वर्षं अशाच एका दुकानात फ्लोअरवर होतो. रॅक लावायचं काम माझंच.

पहिली गोष्ट जागेची. परदेशात दूध दुकानाच्या अगदी मागं ठेवतात म्हणतात, म्हणजे दुधासाठी आलेला माणूस सगळं दुकान चालून जातो. आपल्याकडं कोल्हापुरात दूध रतिबाचं, नाहीतर गंगावेशीत समोर पिळून मिळतंय. म्हणून आमच्याकडं मागच्या भिंतीला डाळी, तेल, साखर, आटा. तुमची यादी सगळी तिकडं. जाता-येता दोन्ही बाजूला जे दिसतं ते यादीत नसतं.

फळीचंही तसंच. नजरेसमोरची फळी सगळ्यात महाग. कंपन्या त्या जागेसाठी पैसे मोजतात. कंपनीचा माणूस मोबाईलवर फोटो घेऊन यायचा आणि आपली किती पाकिटं दर्शनी आहेत ते मोजून जायचा. स्वस्त माल गुडघ्याखाली, वाकून घ्यावा लागेल असा. लहान पोरांचा खाऊ मात्र मुद्दाम खाली, कारण त्यांची नजर तिथंच असते. बिलिंगच्या रांगेत चॉकलेटं का असतात ते तर तुमच्या मुलानं दाखवलंच.

रॅकच्या टोकाला जो ढीग रचलेला असतो त्याला आम्ही एंड कॅप म्हणायचो. एकदा टूथपेस्ट तिथं लावली, पूर्ण एमआरपीला, एक रुपया कमी नाही. नुसता किमतीचा मोठा बोर्ड. आतल्या रॅकवर आठवडाभर पुरणारा माल दोन दिवसांत उठला. टोकाला आहे म्हणजे ऑफर असणार, असं लोकांनी आपणच धरलं.

हे सगळं जुनं आहे. 1916 मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं 'पिगली विगली' दुकान काढलं. तोवर तिकडंही काउंटरपलीकडचा माणूसच माल काढून द्यायचा. यानं काउंटर काढला, फिरतं फाटक बसवलं आणि गिऱ्हाइकाला सगळ्या रॅकांपुढून फिरवून बाहेर काढलं. पुढं 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमननं ट्रॉली आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात हे त्यानं बघितलं होतं. आणि 1982 मध्ये रोनाल्ड मिलिमनचा अभ्यास छापून आला. सुपरमार्केटात जलद संगीताऐवजी संथ लावलं की लोक सावकाश चालले आणि विक्री सुमारे 38 टक्क्यांनी जास्त झाली. आमच्याकडंही गाणी संथच लावा असा नियम होता. का, ते मला नोकरी सोडल्यावर वाचून कळलं.

एक सांगतो. माझी आई एकदा दुकानात आली. हातात चिठ्ठी. मी लांबून बघत होतो. मी लावलेल्या एंड कॅपपुढं थांबली आणि 'दोनवर एक मोफत' वाचून नूडल्सचे तीन पुडे उचलले. आमच्या घरात नूडल्स कोण खात नाही. तिला जाऊन सांगावं असं लई वाटलं, पण अंगावर दुकानाचा टी-शर्ट होता. अजून ते टोचतं.

लक्ष्मीपुरी_किराणा_भुसार

आमची तिसरी पिढी गल्ल्यावर आहे. खरं तेच लिहितो, आम्हीही माल पुढं-मागं करतोच. चांगलं तूप, बदाम-काजू दिसेल असं ठेवतो. पण गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, पोरगा बांधून देतो. चिठ्ठीत नाही ते पिशवीत जात नाही. वहिनी, पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो वाचत जा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही.

शिवाजी_पेठेतली

मला दुसरी बाजू सांगायची आहे. लग्न होऊन आले तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात सासऱ्यांची उधारीची वही होती. मी काय घेतलं ते महिनाअखेरीला त्यांना वाचून दाखवलं जायचं. सॅनिटरी पॅड मागायचं तर चार पुरुष बाजूला होईपर्यंत थांबायचं, मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायचं, चोरीचा माल असल्यासारखं. मॉलमध्ये पहिल्यांदा मी पाकीट हातात घेतलं, मागचं सगळं वाचलं, दोन कंपन्यांची तुलना केली आणि ट्रॉलीत उघडं ठेवलं. त्या दिवशी किती मोकळं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. रचना फसवी असेल, भावा, तुझं सगळं पटलं. पण काउंटर परत यावा असं मला तरी नको आहे.

फ्लोअरवरचा_भावा

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बरोबर बोललात. मग एवढंच करा: ट्रॉली घेऊ नका, हातातली टोपली घ्या. ती जड झाली पाहिजे. आणि यादी रॅकच्या क्रमानं लिहा, आधी मागची भिंत.

राजारामपुरी_नववी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज परत जाऊन आले. शिवाजी पेठेतल्या ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. आमच्याही घरी अशी वही होती.

टोपली घेतली, सरळ मागच्या भिंतीकडे गेले. मुलाला आधीच सांगितलं होतं, तुझी एकच वस्तू, ती तू निवडायची. वीस मिनिटं निवडत बसला, पण रडला नाही. शांपूपाशी थांबून पाकिटावरचा भाव खरंच वाचला. 180 मिलीची बाटली 165 रुपयांना, म्हणजे मिलीला 92 पैसे. साडेपाच मिलीची पुडी 2 रुपयांना, म्हणजे मिलीला 36 पैसे. इतकी वर्षं मी बाटलीच घेत होते. पुड्यांची माळ घेतली.

बिल 640 रुपये. सासूबाईंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "खोबरेल आणलंस न्हवं?"

आणलं होतं.