मदत हवी आहे : दंतकथेवर किंवा खऱ्या गुन्ह्यावर बेतलेले भयपट सुचवा

नमस्कार मंडळी. शनिवारी मनीषनगरला आमच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावतोय. चादर अन् तर्री-पोह्यांची सोय झाली, सिनेमा तेवढा ठरत नाहीये. अट एकच, गोष्टीचं मूळ खरं हवं. नुसतं पोस्टरवर 'सत्यघटनेवर आधारित' नको, त्यात लई फसवाफसवी असते. 'टेक्सस चेनसॉ मॅसेकर' (1974) चंच घ्या ना. प्रेरणा एड गीन या अमेरिकन खुन्याची, पण तो टेक्ससचा नाही, विस्कॉन्सिन राज्याचा, अन् करवतीचा तर पत्ताच नाही! त्याच्याच 1957 च्या प्रकरणाची सावली 'सायको'वरही आहे, पण तो सगळ्यांचा पाहून झालाय.

'स्त्री' (2018) पण झाला. बंगळुरात रात्री दार ठोठावणाऱ्या चेटकिणीला परतवायला लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या ये', लिहायचे, ती अफवा त्यामागे आहे. मला असंच पाहिजे, दारावरच्या खडूच्या दोन शब्दांनी घाबरवणारं. आमची आजी चकव्याची गोष्ट सांगताना कंदिलाची वात कमी करायची, तसं काहीसं.

मराठी, तमिळ, कोरियन, काहीही चालेल. फक्त रक्ताचे पाट नको, वहिनी उठून जाते. अन् हो, शेवट सांगू नका बे!